शिकवणी आणि बैठक : एका लहान संगीतविद्यालयाचा विचार

धाराशिव तालुक्यांतील बेंबळीसारख्या गांवीं एखाद्या गाणाऱ्यानें दोन खोल्या घेतल्या, सकाळसंध्याकाळ एकेका विद्यार्थ्यास समोर बसवून शिकवूं लागला, आणि महिन्यांतून एकदां त्याच खोलींत जाजम अंथरून वीसपंचवीस श्रोत्यांपुढें बाहेरगांवच्या एखाद्या कलावंताचें गाणें ठेवूं लागला, तर त्याच्यावर दोन आक्षेप हटकून येतील. जुन्या मताचे लोक म्हणतील कीं, विद्या ही गुरूच्या घरीं राहून, त्याची सेवा करून मिळवावयाची. तासाच्या हिशेबानें पैसे मोजून मिळते ती शिकवणी, विद्या नव्हे. नव्या मताचे लोक म्हणतील कीं, शाळा ती शाळा आणि सभागृह तें सभागृह. एकाच जागेंत दोन्ही चालविणें म्हणजे दोन्हींचा विचका करणें. हे दोन आक्षेप परस्परविरुद्ध दिसले तरी त्यांच्या मुळाशीं समजूत एकच आहे. ती ही कीं, शिकणें आणि ऐकणें हे मूळचेच दोन निराळे व्यवहार होत. ही समजूत इतिहासास धरून नाहीं, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं मुख्य उदाहरण म्हणून प्रो. बाळकृष्ण रघुनाथ देवधर यांनीं मुंबईंत इ. स. १९२५ मध्यें स्थापिलेलें संगीतविद्यालय घेतलें आहे. परंतु तेथें पोंचण्यापूर्वी थोडें मागें आणि थोडें घराजवळ पाहिलें पाहिजे.

घराजवळ म्हणजे तुळजापुराकडे. भवानीच्या गोंधळांत संबळ, तुणतुणें आणि दिवटी घेऊन जे उभे राहतात त्यांचा पाठ कोठें होतो? त्यांस स्वतंत्र पाठशाळा नाहीं. पोरगा प्रथम दिवटीशीं उभा राहतो, मग तुणतुण्यावर येतो, मुख्य गोंधळी आख्यान लावीत असतां मागून सूर धरतो, आणि असें करतां करतां एके रात्रीं आख्यानाची एक बाजू त्याच्या अंगावर पडते. कदमराई काय किंवा रेणुराई काय, दोन्ही शाखांतील गोंधळ्यांची विद्या अशीच प्रत्यक्ष कार्यांतून वाढलेली आहे. शाहिरीमध्यें झीलकऱ्याचें आणि वारकरी कीर्तनांत टाळकऱ्याचें स्थान याच जातीचें. तो श्रोता असतो, साथीदार असतो आणि विद्यार्थीहि असतो. ह्या तीन भूमिकांना वेगळे करणारी भिंत तेथें घातलेलीच नसते. तेव्हां बेंबळीच्या माणसाला शिकवणी आणि बैठक एका जाजमावर आलेली पाहून नवल वाटण्याचें वास्तविक कारण नाहीं. नवल वाटतें तें रागसंगीताविषयीं. कारण रागसंगीत ही दरबारची किंवा शहरची वस्तु, अशी आपली कल्पना आहे.

शब्दांकडेहि येथें क्षणभर पाहणें उपयोगाचें आहे. गाण्याच्या व्यवहारांतील आपले बरेचसे शब्द अरबी-फारशींतून आलेले. तालीम म्हणजे शिक्षण. मैफल म्हणजे जमाव किंवा सभा. जलसा या शब्दाचा मूळ अर्थ केवळ 'बसणें' असा आहे. आपल्या देशी 'बैठक' शब्दाचा अर्थहि तोच. परंतु मराठींत या दोन सख्ख्या अर्थांच्या शब्दांची वाट फुटली. जलसा हा मोठा, जाहीर, पुष्कळदां तिकीट लावून केलेला झाला. सत्यशोधकांनीं तर तो प्रचाराच्या रंगभूमीवर नेला. बैठक मात्र घरांतच राहिली. बैठकींत गाणारा आणि ऐकणारा एकाच पातळीवर बसतात, दोघांमध्यें चारपांच हातांचें अंतर असतें, आणि 'वा' म्हणणाऱ्याचा चेहरा गाणाऱ्यास दिसतो. पुढील विवेचनांत बैठक हा शब्द याच मर्यादित अर्थानें योजिला आहे.

गुरुगृहाची पद्धति कशी होती याचें दक्षिण महाराष्ट्रांतील ठळक उदाहरण म्हणजे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचें. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रांत रुजविण्याचें श्रेय मुख्यत्वें त्यांना दिलें जातें. मिरजेस आणि पुढें इचलकरंजीस त्यांच्यापाशीं शिष्य राहत. कुरुंदवाड येथें १८ ऑगस्ट १८७२ रोजीं जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर हे त्यांपैकींच एक. लहानपणीं शोभेच्या दारूनें डोळ्यांस इजा झाली, शाळेचें शिक्षण खुंटलें, म्हणून त्यांस मिरजेस बुवांच्या स्वाधीन करण्यांत आलें. गुरूच्या घरीं राहणाऱ्या शिष्यास तालीम किती वेळ मिळे हा प्रश्न वेगळा. कित्येकांच्या वांट्याला ती फार थोडी येई. पण त्याच्या कानांवर दिवसभर कांहीं ना कांहीं पडत असे, आणि गुरूचें गाणें दरबारीं किंवा देवळांत झालें म्हणजे तंबोरा घेऊन मागें बसण्याचा मान त्याचाच असे. आजचे लोक गुरुकुलाचें गुणगान करतांना सेवेचा उल्लेख अगत्यानें करतात, आणि तंबोऱ्यामागच्या या जागेचा करावयाचें विसरतात. वस्तुतः खरें शिक्षण बरेचसें त्या जागेवर होत असे. संस्थानिकांचा आश्रय आटत चालला तसतशी ही जागाच नाहींशी होऊं लागली. आणि जागा गेल्यावर नुसती सेवा उरली तर तिचा काय उपयोग?

शहरांतून या उणिवेवर एक तोड पूर्वीच निघाली होती. मुंबईंत पारशी गायन उत्तेजक मंडळी १८७० मध्यें निघाली, पुण्यांत गायनसमाज १८७४ मध्यें स्थापन झाला. ह्या मंडळ्या सुशिक्षित गृहस्थांच्या होत्या. सभासदांनीं वर्गणी द्यावयाची, त्यांतून जाणत्या गवयांस बोलवावयाचें, त्यांचें गाणें ऐकावयाचें आणि ज्यांस हौस असेल त्यांनीं शिकावयाचें, असा त्यांचा सर्वसाधारण बेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे १८८४ मध्यें पारशी मंडळींत शिरले तेव्हां ते विद्यार्थीदशेंतील तरुण होते; तेथेंच त्यांस रावजीबुवा बेलबागकर यांजकडून ध्रुपदाचें शिक्षण मिळालें आणि अनेक खांसाहेबांचें गाणें जवळून ऐकावयास मिळालें. पुढें ज्यांनीं रागांचें दहा थाटांत वर्गीकरण करून अखिल हिंदुस्थानी संगीताचें व्याकरण मांडलें, त्यांच्या संशोधनाचा आरंभ अशा एका ऐकण्याशिकण्याच्या जागेंत झाला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. एकाच रागाचे दोन उस्ताद दोन प्रकार गातात, हें ज्यानें एकाच दिवाणखान्यांत ऐकलें त्याच्याच मनांत 'खरें कोणतें?' हा प्रश्न उभा राहतो. एकाच गुरूच्या घरीं तो उभा राहण्याचें कारण नसतें.

पुण्यास १९११ मध्यें भास्करबुवा बखले यांनीं भारत गायन समाज काढला. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना त्याच्या आदल्या वर्षींची, १९१० ची. या दोन संस्थांचा परस्परसंबंध लावण्याचा मोह मी आवरतों. परंतु जुनें विस्कळित धन एके ठिकाणीं आणून तें समाजाच्या स्वाधीन करावें ही प्रेरणा त्या दशकांत पुण्याच्या हवेंतच होती, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं. भास्करबुवांनीं स्वतः एकाहून अधिक घराण्यांच्या उस्तादांकडे विद्या मिळविली होती. ते एप्रिल १९२२ मध्यें वारले; समाज त्यांच्या मागें टिकला.

आतां विष्णु दिगंबरांकडे वळूं. त्यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, आणि १९०८ मध्यें मुंबईस त्याची शाखा आणली. वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा, छापील क्रमिक पुस्तकें, स्वरलेखन, शिस्त, प्रार्थना, सर्व कांहीं विद्यालयाच्या धर्तीवर होतें. गवयाचा पेशा समाजांत हलका मानला जात असे, तो त्यांनीं सभ्य गृहस्थाच्या बरोबरीस आणून बसविला. त्यांच्या या कार्याचें मोल कमी करण्याचा येथें यत्किंचित हेतु नाहीं. परंतु संस्थेचा पसारा वाढला तशी इमारत आली, इमारतीबरोबर कर्ज आलें, आणि १९२४ मध्यें मुंबईंतील ती वास्तु कर्जापायीं लिलावांत गेली. हजारों विद्यार्थ्यांच्या मुखीं सूर घालणाऱ्या पुरुषास छपरावरून हात धुवावे लागले. पुढें त्यांचा काळ बराचसा नाशिकास रामनामांत गेला, आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेस त्यांचा अंत झाला. त्याच वर्षीं त्यांच्या शिष्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली.

या लिलावाचा आणि देवधरांच्या विद्यालयाचा कालानुक्रम पाहण्यासारखा आहे. लिलाव १९२४ चा, विद्यालय १९२५ चें. देवधर हे विष्णु दिगंबरांचेच शिष्य. त्यांचा जन्म मिरजेचा, ११ सप्टेंबर १९०१ चा. म्हणजे लाहोरच्या महाविद्यालयाहून ते चार महिन्यांनीं लहान. बी. ए. पर्यंतचें इंग्रजी शिक्षण त्यांनीं पुरें केलें होतें, पाश्चात्य संगीताचाहि अभ्यास केला होता. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आसपास त्यांनीं 'स्कूल ऑफ इंडियन म्यूझिक' काढलें. गिरगांवांत, ऑपेरा हाऊसजवळ असलेलें हें विद्यालय पुढें लोकांच्या तोंडीं 'देवधरांचें स्कूल' म्हणून रूढ झालें. त्यास महाविद्यालय म्हणण्याचा आग्रह नव्हता, स्वतःची प्रचंड वास्तु उभारण्याचा सोस नव्हता. गुरूचा वर्ग शिष्यानें घेतला, पण गुरूची इमारत घेतली नाहीं. हा धडा देवधरांनीं जाणून घेतला कीं परिस्थितीनें त्यांस दिला, याविषयीं तर्क लढविण्यांत अर्थ नाहीं. परिणाम मात्र स्पष्ट आहे. ज्या संस्थेचा खर्च भाडें, दोन तंबोरे, एक तबल्याची जोडी, पेटी आणि जाजम एवढ्यांतच बसतो, ती संस्था एका शिक्षकाच्या मिळकतीवर चालूं शकते.

याच गुरूच्या इतर शिष्यांनींहि आपापल्या ठिकाणीं विद्यालयें काढलीं. विनायकराव पटवर्धनांनीं पुण्यास १९३२ मध्यें गांधर्व महाविद्यालय चालू केलें. नारायणराव व शंकरराव व्यास या बंधूंचें विद्यालय दादरला १९३७ मध्यें निघालें. एका मोठ्या झाडाच्या जागीं अनेक रोपें लागलीं, असा हा प्रकार. या रोपांपैकीं देवधरांचें मला प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें वाटतें, तें तेथील ऐकण्याच्या व्यवस्थेमुळें.

देवधर स्वतः मैफलीचे गवई म्हणून फारसे गाजले नाहींत. शिक्षक, संग्राहक आणि रसिक म्हणून गाजले. गाणाऱ्याच्या अंगीं क्वचित आढळणारा एक गुण त्यांच्यांत होता : दुसऱ्याचें गाणें ऐकण्याची भूक. घराण्याचा सोंवळेपणा त्यांनीं पाळला नाहीं. ग्वाल्हेरच्या परंपरेंत शिकलेल्या या माणसानें अनेक घराण्यांच्या उस्तादांशीं स्नेह जोडला, त्यांच्याकडून चीजा घेतल्या, त्यांचें गाणें आणि त्यांचें बोलणें दोन्ही सांठवून ठेवलें. फकिरी वृत्तीचे सिंदे खां यांच्यासारखा, व्यवहारी जगानें ओवाळून टाकलेला, पण अपार विद्या बाळगणारा गायक देवधरांनीं जाणला आणि त्याच्यापासून विद्या मिळविली. बडे गुलाम अली खां यांच्याशीं त्यांचा निकट स्नेह होता. मोठमोठ्या कलावंतांची ये-जा असलेल्या या विद्यालयांत विद्यार्थ्यास वर्गांत जें सांगितलें जाई त्याचा पडताळा घेण्यासाठीं दूर जावें लागत नसे.

हा पडताळा कशा रीतीनें उपयोगी पडतो, हें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे, कारण वादाचा सगळा गाभा येथें आहे. यमन शिकविणारा शिक्षक आरोह-अवरोह सांगेल, वादी गांधार आणि संवादी निषाद हें सांगेल, एखादी चीज स्थायी-अंतऱ्यासह पाठ करून घेईल. हें सर्व वहींत लिहितां येतें. भातखंडे पद्धतीच्या लेखनांत कोमल स्वराखालीं आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ घालून, मात्रांचे विभाग पाडून, चीज कागदावर उतरते. पण त्या गांधारावर किती थांबावयाचें, निषादाकडून येतांना षड्ज किती टाळावयाचा, लयीच्या कोणत्या पायरीवर बोल सोडून तान घ्यावयाची, हें वहींत नसतें. शिक्षकानें सांगितलें तरी तें पटत नाहीं. तेंच त्या खोलींत आठ दिवसांनीं कोणी मुरलेला गायक तासभर यमन गाऊन गेला म्हणजे विद्यार्थी दुसऱ्या दिवशीं वेगळा कान घेऊन येतो. शिक्षकाचें काम निम्मे झालेलें असतें. ध्वनिमुद्रिका हें काम करील, असें एके काळीं अनेकांस वाटलें. पण जुन्या तबकडीची एक बाजू तीनसाडेतीन मिनिटांत संपे. तींत रागाची मुद्रा दिसते, विस्तार दिसत नाहीं. आज यंत्रें तासच्या तास गाणें ऐकवितात, परंतु यंत्रामागें तंबोरा घेऊन बसतां येत नाहीं.

तंबोऱ्याची गोष्ट निघाली म्हणून आणखी थोडें. लहान खोलींत ध्वनिवर्धकाची गरज नसते. तारेची जवारी लागली म्हणजे तिच्यांतून निघणारे सूक्ष्म स्वर कानास थेट लागतात. मागें बसून तार छेडणारा विद्यार्थी हा त्या सूक्ष्म स्वरांच्या अगदीं निकट असतो, आणि गायकाचा सूर त्यांत कोठें मिळतो, कोठें किंचित चढतो किंवा उतरतो, हें त्यास समोरच्या श्रोत्यापेक्षां आधीं कळतें. गायकानें दम घेतला कीं त्यास सूर धरावा लागतो. तो झीलकऱ्यासारखाच आहे. मोठ्या सभागृहांत ध्वनिवर्धकापुढें गाणाऱ्याचें तंत्र हळूहळू बदलत जातें. मींडेचा शेवट, श्वासाची वळणें, स्वरावरील आंस, असल्या नाजूक गोष्टी दूरच्या श्रोत्यापर्यंत पोंचत नाहींत म्हणून गाणारा त्या सोडूं लागतो आणि तान वाढवितो. विद्यार्थ्यानें फक्त मोठीं सभागृहें पाहिलीं तर तो तानच शिकेल. यांत त्याचा दोष नाहीं.

रागांच्या वेळेचीहि एक व्यावहारिक अडचण आहे. शहरांत शिकणारे बहुतेक लोक कचेरी किंवा शाळा सुटल्यावर येतात. त्यामुळें भैरव, तोडी यांसारखे सकाळचे राग त्यांना दिवेलागणीस शिकावे लागतात. व्याकरणाच्या दृष्टीनें यानें कांहीं बिघडत नाहीं. पण ज्यानें तोडी कधीं सकाळीं ऐकली नाहीं त्याची तोडी पोपटपंची होण्याचा संभव फार. सुटीच्या दिवशीं प्रातःकाळीं ठेवलेली लहान बैठक ही यावरची सर्वांत सोपी आणि सर्वांत स्वस्त तोड आहे.

आणखी एका वर्गास अशा विद्यालयांनीं मोठा आधार दिला, तो म्हणजे घरंदाज स्त्रियांचा. पूर्वीची बैठक दरबारांत, धनिकाच्या दिवाणखान्यांत किंवा कलावंतिणीच्या घरीं होई. मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या मुलीस यांपैकीं एकाहि ठिकाणीं श्रोता म्हणून बसण्याची सोय नव्हती. मग तिनें शिकावें कोठें आणि ऐकावें कोठें? उलट, ज्या स्त्रिया परंपरेनें गात त्यांच्याकडे विद्या होती पण प्रतिष्ठा नव्हती. विद्यालयाच्या खोलीनें ही कोंडी थोडीशी फोडली. सरस्वतीबाई राणे यांच्यासारख्या आधींच नांवारूपास आलेल्या गायिकेनें देवधरांची तालीम घेतली. आणि देवधरांचा सुविख्यात शिष्य मुंबईंतच अंजनीबाई मालपेकर यांच्याकडून मार्गदर्शन घेऊं शकला.

तो शिष्य म्हणजे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, ऊर्फ कुमार गंधर्व. बेळगांवनजीक सुळेभावी येथें ८ एप्रिल १९२४ रोजीं जन्मलेला हा मुलगा नामांकित गवयांच्या तबकड्यांतील गाणें ऐकून जसेंच्या तसें गाऊन दाखवी. मुंबईंत जिना हॉलमधील संगीतपरिषदेंत १९३६ मध्यें तो गायिला तेव्हां श्रोते थक्क झाले. वय बारांच्या आंतबाहेर. त्यास देवधरांनीं आपल्यापाशीं ठेवून घेतलें, आणि पुढील अकराबारा वर्षें तो तेथें शिकला, ऐकत राहिला, आणि पुढें शिकवूंहि लागला. भानुमती कंस याहि त्याच विद्यालयांतल्या. त्यांच्याशीं १९४७ मध्यें कुमारांचा विवाह झाला. जानेवारी १९४८ मध्यें क्षयाच्या दुखण्यामुळें ते माळव्यांत देवासला गेले, आणि तेथून पुढचा इतिहास सर्वांस माहीत आहे.

कुमार गंधर्वांचें नांव घेतलें कीं देवधरांच्या विद्यालयाची बाजू सिद्ध झाली, असें पुष्कळ लेखक मानतात. मला हें मान्य नाहीं. असामान्य प्रतिभेचा मुलगा विद्यालयांत आला तेव्हां तो गातच आला होता; त्याच्या यशावरून पद्धतीची परीक्षा करणें म्हणजे महापुराच्या पाण्यावरून विहिरीची खोली मोजण्यासारखें आहे. खरा प्रश्न निराळा. नक्कल करण्याची विलक्षण शक्ति असलेलें हें पोर एखाद्या एकाच घराण्याच्या कडक शिस्तींत पडतें तर तें त्या घराण्याची उत्कृष्ट प्रतिकृति होऊन थांबलें असतें काय? आणि नुसत्या जलशांच्या फेऱ्यांत राहतें तर बालगायक म्हणून चार वर्षें मिरवून विसरलें गेलें असतें काय? देवधरांनीं त्यास शिस्तहि दिली आणि अनेकांचें ऐकावयासहि बसविलें. अनेकांचें ऐकल्यावर नक्कल निरर्थक होते, कारण नक्कल कोणाकोणाची करणार? येथें विद्यालयाचा वांटा निश्चित दिसतो. त्याहून अधिक श्रेय मागणें योग्य नव्हे.

उलट पक्षहि सांगितला पाहिजे. ज्या उस्तादांनीं आपल्या चीजा जिवापाड जपल्या आणि अनधिकाऱ्यापुढें गाण्याचें टाळलें, त्यांना केवळ कृपण म्हणून चालणार नाहीं. चीज ही त्यांची जिंदगी होती, मुलाबाळांची मिरास होती. आज ज्यास आपण विद्येचा प्रसार म्हणतों, तो त्यांच्या दृष्टीनें घरचें वतन वांटून देण्यासारखा होता. शिवाय एकाच वर्षांत दहा घराण्यांचें गाणें ऐकणारा सामान्य विद्यार्थी दहांचें थोडें थोडें उचलतो आणि त्याची खिचडी करतो. हा धोका खरा आहे, आणि लहान विद्यालयांतून तो पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडतो. शिक्षक कणखर असेल तर बैठकीनंतर तो विद्यार्थ्यास सांगतो कीं, हें ऐक, पण आजच गाऊं नको. हें एक वाक्य बोलण्याचा अधिकार ज्याला आहे त्यानेंच अशी दुहेरी जागा चालवावी.

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीनें या विद्यालयाचें आणखी एक फळ आहे, आणि कदाचित तें अधिक टिकाऊ ठरेल. गांधर्व महाविद्यालय मंडळाचें 'संगीत कला विहार' हें मासिक १९४७ मध्यें निघालें. त्याच्या संपादनाचा भार देवधरांनीं वाहिला. थोर गायकांविषयीं त्यांनीं लिहिलेले लेख पुढें 'थोर संगीतकार' या पुस्तकांत संगृहीत झाले. या लेखांची सामग्री ग्रंथालयांतली नाहीं. ती बैठकीच्या आधींच्या चहाची आणि बैठकीनंतरच्या गप्पांची आहे. उस्ताद रंगांत येऊन आपल्या गुरूची हकीकत सांगतो, ऐकणारा ती ध्यानांत ठेवून लिहितो.

आतां अशा साधनाचें प्रामाण्य किती? आमच्या क्षेत्रांत बखर आणि अस्सल पत्र यांच्यांतील भेद राजवाड्यांपासून शिकविला गेला आहे, आणि त्याच कसोटीनें पाहिलें तर हे लेख बखरीच्या बाजूला पडतात. सन, तिथि, वयें, कोण कोणाचा शिष्य, याबाबत सांगणाऱ्याचा अभिमान आड येतो. प्रत्येक गुरु तीन तास एकच स्वर लावीत बसलेला असतो आणि प्रत्येक प्रतिस्पर्धी मान खालीं घालून उठलेला असतो. परंतु बखर त्याज्य असते असें कोणी समंजस संशोधक म्हणत नाहीं. कोणता राग कोण कसा गाई, तालमीची रीत काय होती, बिदागी कशी ठरे, कोणाकडे कोणती चीज होती, यांविषयीं दुसरें साधन मिळणें कठीण, आणि येथें देवधरांसारखा स्वतः विद्या जाणणारा लेखक साक्षीदार म्हणून उभा आहे. राजकारणाच्या बखरकारास तोफेचा अनुभव असेलच असें नाहीं. संगीताच्या या बखरकारास सुराचा अनुभव पुरा होता. त्यांचें निधन १९९० मध्यें झालें.

शेवटीं पुन्हां बेंबळीकडे येऊं. निजामी राजवटींत सप्टेंबर १९४८ पर्यंत असलेला हा जिल्हा मुंबई-पुण्याच्या विद्यालयांच्या वाटेवर नव्हता. तरी रागसंगीताच्या साहित्याची वाट या बाजूनेंच जाते, हें थोड्यांच्या लक्षांत येतें. मिरजेचे तंबोरे देशभर जातात. फरीदसाहेबांच्या घराण्यापासून तेथें चालत आलेल्या या कसबास २०२४ मध्यें भौगोलिक मानांकनहि मिळालें. त्या तंबोऱ्यास लागणारा भोपळा मात्र पंढरपूरच्या आसपास भीमेच्या कांठीं पिकतो, म्हणजे धाराशिवच्या शेजारच्या जिल्ह्यांत. मोठा, जाड सालीचा, कडू भोपळा वेलीवर पिकवून वाळवावा लागतो. तो मिरजेस जातो, त्याला तुणीच्या लांकडाची दांडी चढते, तारा लागतात, आणि मग तो मुंबईच्या खोलींत किंवा कोठेंहि बोलूं लागतो. बेंबळीच्या खोलींत तो परत आला तर फार लांबचा प्रवास करून आला असें नव्हे.

अशी खोली काढणाऱ्यानें एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून करावी. विद्यालयें चालतात तेव्हां त्यांची कागदपत्रें कोणासच महत्त्वाचीं वाटत नाहींत, आणि बंद पडतात तेव्हां तीं रद्दींत जातात. विद्यार्थ्यांची हजेरी, फीची नोंद, कोणत्या तारखेस कोण गायिलें, साथीस कोण होतें, कोणते राग झाले, तंबोऱ्यावर कोणता विद्यार्थी बसला, बिदागी किती दिली, श्रोते किती होते, इतकें एका वहींत तारीखवार लिहून ठेवावें. चीजांच्या वह्यांवर ती चीज कोणाकडून, केव्हां मिळाली हेंहि टिपावें. पाठभेद असेल तर दोन्ही पाठ द्यावे, आपल्याला आवडतो तेवढाच देऊं नये. ज्यांच्या घरीं वडील-आजोबांच्या अशा वह्या, बैठकींचीं निमंत्रणपत्रें, मिरजेच्या तंबोऱ्यांच्या पावत्या किंवा परीक्षांचीं प्रमाणपत्रें असतील, त्यांनीं तीं झाडून, वाळवून, निदान त्यांची यादी तरी जवळच्या संशोधन-संस्थेकडे पाठवावी. चीजांच्या वहीचीं पानें सुटीं झालेलीं असल्यास तीं नव्या क्रमानें लावूं नयेत. ज्या क्रमानें मिळालीं त्याच क्रमानें बांधून पाठवावीं.